८०डीडीसाठी पॉलिसी घ्यावी का, आणि निवेदनात नेमकं काय मागावं

ताई, तुमच्या मेलमध्ये खरं तर दोन-तीन प्रश्न एकत्र आलेत. लेक १५ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व ८५%, मिस्टरांचा पगार वर्षाला १४ लाख, तुम्ही तिच्यासाठी नोकरी सोडलीत, आणि एजंट मागे लागलाय की वर्षाला ६० हजारांची दिव्यांग मुलांसाठीची पॉलिसी घ्या, ८०डीडीमध्ये, म्हणजे घरातल्या दिव्यांग व्यक्तीच्या खर्चासाठी सूट देणाऱ्या इन्कम टॅक्सच्या कलमात, सव्वा लाखाची सूट मिळेल. शिवाय पालकांच्या ग्रुपला टॅक्स सवलतीसाठी सरकारला निवेदन द्यायचंय.

पॉलिसीचं आधी संपवतो. टॅक्ससाठी म्हणून तरी अजिबात घेऊ नका. ८०डीडीची सूट फ्लॅट असते, ४०% दिव्यांगत्वापासून पुढे ७५ हजार आणि ८०% किंवा जास्त असेल तर १.२५ लाख, प्रत्यक्ष खर्च ३० हजार झाला काय नि ४ लाख झाला काय. फिजिओ, औषधं, थेरपी यावर तुमचे पैसे जातातच आहेत, म्हणजे पूर्ण सूट तुम्हाला आत्ताच लागू आहे, पॉलिसीने त्यात एक रुपयाही वाढणार नाही. हे एजंट सांगत नाही कारण मग विकायला उरतं काय! वर त्या पॉलिसीत अजून एक गोम आहे, दुर्दैवाने मूल आधी गेलं तर परत येणारी रक्कम आईवडिलांचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स लागतो.

आता रेजिम, म्हणजे टॅक्स मोजायची जुनी की नवीन पद्धत. ८०डीडी फक्त जुन्या रेजिममध्ये मिळतं, नवीनमध्ये नाही, आणि कंपनीला काही कळवलं नाही तर नवीनच धरतात. २०२५-२६ चा हिशोब बघा. जुन्यात १४ लाखातून स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार आणि ८०डीडीचे सव्वा लाख वजा केले तर उरले १०.५० लाख, टॅक्स सेससकट १,३२,६००. नवीनमध्ये फक्त स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा, १३.२५ लाखावर टॅक्स ८१,९००. म्हणजे लेकीची सूट सोडून दिली तरी नवीन रेजिम ५०,७०० रुपयांनी स्वस्त पडते. होम लोनचं २ लाख व्याज असतं तरी जुना ८५,८०० वर येतो, म्हणजे तरीही नवीनच. तुम्हाला लोन नाहीये तेव्हा प्रश्नच मिटला, मिस्टरांना सांगा नवीन ठेवा. घरभाड्याची मोठी सूट मिळत असेल तर मात्र परत मांडून बघा, पगारदाराला दरवर्षी रेजिम बदलता येते.

पण मला राग येतो तो इथेच. शेजारच्या टेबलावरचा १४ लाख पगाराचा माणूस, ज्याच्या घरी असा काहीच खर्च नाही आणि ज्याची बायको कमावतेय, तोही ८१,९०० च भरणार आणि तुम्हीही ८१,९०० च. आणि हेच ८०डीडी नवीन रेजिममध्ये चालू ठेवलं असतं तर १३.२५ मधून सव्वा लाख जाऊन बरोब्बर १२ लाख उरतात, आणि १२ लाखांपर्यंतची रिबेट (टॅक्समाफी) लागून टॅक्स शून्य! निवेदनात पहिल्या परिच्छेदात हाच हिशोब टाका, "आम्हाला दिलासा द्यावा" छाप चार पानं कोणी वाचत नाही.

मागणी एकच ठेवा, ८०डीडी आणि ८०यू (करदाता स्वतः दिव्यांग असेल तर मिळणारी सूट) नवीन रेजिममध्ये घ्या. समोरून उत्तर येईल की नवीन रेजिम म्हणजे सूट नाही आणि दर कमी, सोपं सुटसुटीत. त्यावर सांगा की कंपनीने एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन योजनेत) भरलेल्या पैशांची सूट नवीनमध्येही आहेच, आणि दिव्यांग कर्मचाऱ्याचा प्रवास भत्ताही ठरावीक मर्यादेपर्यंत माफ आहे, म्हणजे अपवाद करायचा नाही असं काही तत्त्व नाहीये. दुसरा मुद्दा रकमेचा, ७५ हजार आणि १.२५ लाख हे आकडे २०१५ च्या बजेटमधले, त्यानंतर तसेच पडून आहेत, थेरपीची फी तेव्हापासून कुठे गेली ते तुम्हीच लिहा, बिलं जोडा.

मागणी करून काही होत नाही असं ग्रुपमध्ये कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. आधी या पॉलिसीचे पैसे आईवडील गेल्यावरच मुलाला मिळायचे, अशी अट असेल तरच सूट. त्याविरुद्ध एक पालक सुप्रीम कोर्टात गेले, २०१९ मध्ये कोर्टाने कलम रद्द केलं नाही पण केंद्राने फेरविचार करावा असं म्हटलं, आणि २०२२ च्या बजेटमध्ये बदल झाला, पालक ६० चे झाल्यावर त्यांच्या हयातीतही पैसे मिळू लागले. सो खासदारांना द्या, अर्थमंत्रालयाला बजेटच्या आधी पाठवा, फेब्रुवारीनंतर पाठवून उपयोग नाही.

तोवर तुमच्या हातात असलेली एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहितीये. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावरचं व्याज एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण ८०यू मध्ये बसणाऱ्या दिव्यांग मुलाचं धरत नाहीत. म्हणजे तिच्या नावावर एफडी केली तर व्याज तिचंच, तिच्या स्वतःच्या करमुक्त मर्यादेत. फक्त सगळं एकदम तिच्या नावावर टाकू नका, १८ पूर्ण झाली की तुम्ही आपोआप पालक राहत नाही, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडून (जिल्ह्यातली समिती) लीगल गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, घ्यावी लागते, नाहीतर बँकेत अडकाल. तीन वर्षं आहेत, कागद आत्तापासून जमवा.

मिस्टरांचं टर्म इन्शुरन्सचं कव्हर किती ते मेलमध्ये नव्हतं. नसेल किंवा ५० लाखांच्या आसपास असेल तर ते ६० हजार आधी तिकडे वळवा. लेकीसाठी निरामय या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विमा योजनेत नाव घाला, १ लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि थेरपीही त्यात येते, प्रीमियम अगदीच किरकोळ. एजंटला सध्या नाही म्हणा.