अंधारात चमकणारा छोटा शार्क माणसाला चावतो का? आणि तो चमकतो तरी कशाला?

अंधाऱ्या समुद्रात चमकणाऱ्या एका छोट्या शार्कचा व्हिडिओ पाहून तुम्ही हे दोन प्रश्न विचारलेत. त्यात दिसलेला, पोटाकडून निळसर-हिरवा चमकणारा शार्क वर्णनावरून 'व्हेल्व्हेट बेली लँटर्नशार्क' वाटतो. शास्त्रीय नाव एटमोप्टेरस स्पायनॅक्स. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ सालीच त्याची नोंद केली होती.

चावण्याची भीती मनातून काढून टाका. जेमतेम दोन वीत, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास लांबी. राहतो ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात, बहुतेक करून २०० ते ५०० मीटर खोलीवर. खातो क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव), लहान मासे, माकुल. जाळ्यातून सोडवताना पाठीवरचा काटा टोचला तर टोचला, तेवढंच.

मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त आवडला. शिकाऱ्यांनी भरलेल्या पाण्यात हा दिवा का लावून फिरतो? तर लपण्यासाठी!

मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवते. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, मुलांनी शार्क पाहिलेला असतो तो प्रयोगशाळेतल्या बरणीतला स्कोलिओडॉन, म्हणजे आपली मुशी. म्हणून मी त्यांना संक्रांतीचा पतंग आठवायला सांगते. गच्चीवरून वर पाहिलं की लाल काय नि पिवळा काय, उजेडासमोर आलेला प्रत्येक पतंग काळाच दिसतो. त्याच्या खालच्या बाजूला आभाळाइतकाच उजेड असता तर तो दिसलाच नसता. तीनशे मीटर खाली वरून झिरपणारा मंद निळा प्रकाश असतो आणि मोठे मासे खालून वर बघत शिकार हेरतात. या शार्कच्या पोटावर हजारो सूक्ष्म प्रकाश-अवयव असतात. ते लागले की त्याची काळी आकृती पुसली जाते.

या दिव्यांचं नियंत्रण तर फारच सुंदर आहे. हाडांच्या माशांमध्ये असे दिवे सहसा मज्जातंतू चालवतात, इथे मात्र संप्रेरकं (हार्मोन) चालवतात. बेल्जियमच्या ज्युलियन क्लेस आणि जेरोम मालेफे यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. मेलाटोनिनने उजेड हळूहळू चढतो आणि बराच वेळ टिकतो, प्रोलॅक्टिनने चटकन येतो आणि लवकर ओसरतो. प्रत्येक दिव्यावर रंगद्रव्याच्या पेशींचा पडदा असतो, तो सरकला की उजेड बाहेर पडतो. कातडी फिकट-गडद करणारी जुनी यंत्रणाच इथे दिव्यांच्या कामी लागली असावी, असं या संशोधकांना वाटतं आणि मलाही ते पटतं.

मग पाठीवरचे काटे का उजळतात? दोन्ही पाठपरांपुढे एकेक काटा असतो आणि त्यामागच्या प्रकाश-अवयवांमुळे तो अर्धपारदर्शक काटा चमकतो. २०१३ मध्ये याच गटाने मांडलं की हा जवळ येणाऱ्या शिकाऱ्याला इशारा असावा: गिळलंस तर घशात रुतेन. खालून अदृश्य, वरून 'सावधान'. दोन्ही एकाच अंगावर.

अंडी आईच्या पोटातच उबतात. एका खेपेला साधारण ६ ते २० पिल्लं, जन्मतः १२ ते १४ सेंटीमीटरची. त्यांचे पोटावरचे दिवे जन्माआधीच तयार असतात. पहिल्या दिवसापासून खालून धोका आहे म्हटल्यावर ते लागतातच. मात्र मादी दोन-तीन वर्षांतून एकदाच विते, म्हणून इतर मासळीसाठी टाकलेल्या खोल ट्रॉलजाळ्यात हे सापडून फेकले जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. एखाद्या व्हिडिओत त्याच्या पाठपराशी मांसात रुतलेली गडद गाठ दिसली, तर ती जखम नसून अ‍ॅनेलाझ्मा नावाचा बार्नॅकल, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या कुळातला एका जागी चिकटून राहणारा जीव, असू शकतो. त्याचे भाऊबंद खडकांना, होड्यांच्या बुडाला चिकटून पाण्यातले कण गाळून खातात. हा मात्र शार्कच्या मांसात मुळं घालून त्याच्यावरच पोसतो, आणि त्या शार्कच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते.