सरकणारी रेघ उपग्रहाची की शेजारच्या दिव्याची?

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर लहान यागी (एकाच दिशेला रोखता येणारी) अँटेना आणि यूएसबी एसडीआर (संगणकाला जोडून चालणारा रेडिओ) रिसीव्हर लावून मी जुन्या लष्करी दळणवळण उपग्रहांचे संकेत शोधतो. संगणकाच्या पडद्यावर २५० मेगाहर्ट्झच्या आसपास एक बारीक रेघ हळूहळू सरकताना दिसते. ती उपग्रहाचीच आहे, हे कसे ठरवावे?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : वारंवारतेचा पट्टा आपण योग्य निवडला आहे. अमेरिकी नौदलाचे १९७८ ते १९८९ दरम्यान सोडलेले फ्लीटसॅटकॉम उपग्रह आणि त्यांच्यानंतरची यूएफओ (यूएचएफ फॉलो-ऑन) उपग्रहमालिका याच पट्ट्यासाठी बनवलेली होती. मात्र रेघ सरकते एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. कक्षेची उत्तर-दक्षिण दुरुस्ती थांबवलेल्या भूस्थिर उपग्रहाला चंद्र आणि सूर्य ओढत राहतात, त्यामुळे त्याच्या कक्षेचा कल वर्षाला पाऊण ते एक अंशाने वाढत साधारण १५ अंशांपर्यंत जातो. तरीही आपल्या रेखांशाजवळच्या, १० अंश कललेल्या उपग्रहाचे ठाण्यापासूनचे अंतर इतक्या सावकाश बदलते, की डॉप्लर बदल, म्हणजे अंतर बदलल्यामुळे वारंवारतेत पडणारा फरक, जेमतेम २५ हर्ट्झ भरतो. उलट तापमानामुळे रिसीव्हरची वारंवारता ठरवणारा क्रिस्टल दशलक्षात एक भाग सरकला, तरी २५० हर्ट्झचा फरक पडतो. म्हणून आधी तापमान-भरपाई असलेला क्रिस्टल वापरावा.

खरी कसोटी वेळेची आहे. असा उपग्रह २३ तास ५६ मिनिटांत फेरी पूर्ण करतो; त्यामुळे त्याच्या रेघेचा चढउतार रोज सुमारे ४ मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास आधी येतो. जिन्यातला एलईडी दिवा किंवा शेजारचा इन्व्हर्टर मात्र घड्याळाप्रमाणे चालतो. महिनाभर रोजची वेळ नोंदवा. माझ्या मते याहून भरवशाचा पुरावा गच्चीवर मिळणार नाही. अँटेना दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर रोखावी आणि तिथून वळवल्यावर रेघ फिकी होते का, हेही पाहावे.

बॅटरी निकामी झालेले उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गप्प होतात, हीही एक खूण आहे. १९६७ साली सोडलेल्या एलईएस-५ या अमेरिकी प्रायोगिक दळणवळण उपग्रहाचा संकेत कॅनडातील हौशी निरीक्षक स्कॉट टिली यांना २०२० मध्ये पुन्हा सापडला. तो केवळ सौरपट्ट्यांवर ऊन असतानाच बोलतो.

परवान्याचे नियम आधी पाहून घ्यावेत, फक्त वाहक लहरीची (संदेश वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ लहरीची) वारंवारता मोजावी आणि त्यावरील संभाषण उलगडण्याच्या फंदात मुळीच पडू नये.