भंगारातला मोर, पॅलेटचा बाक

प्रश्न : मोटारसायकलच्या जुन्या चेन, स्प्रोकेट (चेनचं दातेरी चाक), बेअरिंग आणि जीआय पाइपचे तुकडे जोडून मोर करतो आहे. वेल्डिंगला भोकं पडतात, स्प्रोकेटचा जोड दुसऱ्या दिवशी तडकलेला दिसतो. पाइपचं काम केलं की रात्री थंडी वाजून ताप येतो. काय चुकतंय?

उत्तर : आधी ताप, कारण तो लगेच थांबायला हवा. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं, पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे जोड धरण्याआधीच जस्ताची वाफ होते. तिचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी असा ताप भरतो. वेल्डर मंडळी दूध-गूळ घेतात, पण त्याने तो टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं इंचभर जस्त ग्राइंडरने उतरवा. काम उघड्यावर करा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. भोकंही याच वाफेने पडतात.

भोकांचं दुसरं कारण चेनमधलं ग्रीस. कड्यांच्या आत ते मुरलेलं असतं, नुसतं पुसून जात नाही. केरोसिन आणि ब्रशने घासा, निथळवून पुसा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवा. पूर्ण वाळल्यावरच रॉड लावा.

स्प्रोकेटचे दात कडक केलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगनंतर झटकन गार झाले की जोडालगतचा भाग ठिसूळ होतो. म्हणून दात सोडून मधल्या चकतीवर जोड घ्या. तुकडा आधी २०० अंशांपर्यंत तापवा, ७०१८ क्रमांकाचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरा आणि नंतर सुक्या राखेत पुरून सावकाश निवू द्या. पाणी कधीच ओतू नका. बेअरिंगला वेल्डिंग नकोच. ते पट्टीच्या कड्यात बसवा. शॉकअप (गाडीचे धक्के शोषणारा भाग) तर हातीही घेऊ नका. आत तेल असतं, कधी दाबाखालचा वायू, आणि गरम झाल्यावर शॉकअप फुटतो.

प्रश्न : पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्यांचा बाक केला, काही महिन्यांत फळ्या वाकल्या. असं का?

उत्तर : लाकूड ओलं होतं. मध्ये पट्ट्या घालून फळ्या सावलीत रचा आणि एकीचं दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. खोडाच्या गाभ्याकडची बाजू वर ठेवा, म्हणजे फळी वाकलीच तरी पाणी साचत नाही. दोन फळ्यांत ५ मिलिमीटर फट सोडा.

पॅलेटवरचा शिक्काही पाहा. ‘एचटी’ असेल तर कीड मारण्यासाठी लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी; ते लाकूड घरी आणू नका.