ओला कोळसा, कोरडा हिशेब

भिवंडीत माझं डाइंग युनिट आहे. बॉयलरला इंडोनेशियाचा कोळसा, ओलावा ३५ टक्के. कोळसा वाळवायचा ड्रायर बसवला तर किती वाचेल?

मांडूनच बघू. १०० किलोत ३५ किलो पाणी. ओलावा २० टक्क्यांवर आणायला पावणेएकोणीस किलो पाणी उडवावं लागतं. किलोभर पाण्याची वाफ करून चिमणीबाहेर घालवायला सव्वासहाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. झाले पावणेबारा हजार. माल किलोला ४२०० किलोकॅलरीचा धरला, तर १०० किलोत ४,२०,००० किलोकॅलरी. बचत जेमतेम पावणेतीन टक्के!

तीही ड्रायरला फुकटची उष्णता मिळाली तर. त्यासाठी वेगळी भट्टी पेटवलीत तर या खिशातलं त्या खिशात, वर पंख्याचं वीजबिल. चिमणीतून वाया जाणारा गरम धूर वापरता येत असेल तरच पुढे जा. पण तो फार गार होऊ देऊ नका, नाहीतर त्यातलं आम्ल धुराच्या डक्टचा पत्रा खातं.

आणि एक विचारू? ढिगावर शेड आहे का? पावसात उघड्यावर भिजलेला कोळसा ड्रायरने वाळवणारे मालक मी पाहिले आहेत.

व्यापारी ५५०० चा माल म्हणाला, लॅबने ४२०० दाखवले. फसवलं का?

बहुधा नाही, पण तुम्ही विचारलंही नाहीत. त्याचा आकडा ‘एडीबी’चा, म्हणजे हवेत वाळवलेल्या नमुन्याचा. तुमच्या गाडीतून उतरला तो ‘एआरबी’, आला तसा. नमुन्यात ओलावा १५ आणि गाडीत ३५ टक्के असेल, तर ५५०० ला ६५ ने गुणा, ८५ ने भागा : ४२०६. व्यवहार एआरबीवर करा आणि एकूण ओलाव्याची मर्यादा पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या. वाळवलेला माल महाग विकणाऱ्यालाही हाच हिशेब लावा : किलोमागे उष्मांक वाढतो, पण किलोही घटलेले असतात.

कोळसा उन्हात पसरला तर?

एप्रिलमध्ये वरवरचं पाणी जाईल. आतलं, छिद्रांतलं पाणी हवेच्या दमटपणाशी जुळवून घेतं. मुंबईच्या जुलैत तर विसराच.

वीजकेंद्रांत हे खरंच करतात का?

करतात. अमेरिकेत उत्तर डाकोटातल्या कोल क्रीक केंद्रात लिग्नाइटचा, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशाचा, ओलावा सुमारे ३८ वरून २९ टक्क्यांवर आणतात, तेही वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या थंडाव्याच्या पाण्यातली वाया जाणारी उष्णता वापरून. आपल्या नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये निम्मं पाणीच असतं.

तळोज्याच्या गोदामात वाळवलेला कोळसा आपोआप धुमसायला लागला. कुणी विडी टाकली असेल?

विडीवाल्याला सोडा. पाणी गेलं की छिद्रं मोकळी होतात, त्यांत ऑक्सिजन शिरतो आणि कोळसा आतून तापतो. त्यात दमट हवेतलं पाणी परत शोषताना आणखी उष्णता सुटते. म्हणून वाळवाल तेवढा एकदोन दिवसांत जाळा. ढीग बुटका ठेवा, दाबून बसवा, जुना माल आधी काढा. रोज सकाळी लोखंडी सळई पोटापर्यंत खुपसून पंधरा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हात लावून धरवत नसेल, तर तेवढा भाग लोडरने उचलून पसरवा आणि निवला की थेट बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या बंकरमध्ये. नुसता वरून पाइप मारू नका. पाणी वरच ओघळतं, आतला निखारा तसाच राहतो.