प्रार्थना करूनही त्याच पापात पुन्हा पडतो. मग विश्वासाने जय मिळतो म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की दर वेळी गुडघ्यांवर बसून शपथ घेता, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. म्हणून विचारताय, विश्वासाने पापावर जय मिळतो हे नुसतं उपदेशातलं वाक्य आहे का? आणि सुटका होईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि प्याला, घेऊ नये का? पापाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, त्याची गरजही नाही. मी माझं लिहितो. दारू.

मी बडोद्याचा. आजी अहमदनगरकडची, तीन पिढ्यांपासून आम्ही फतेगंजच्या बाजूला. चर्चमध्ये उपासना गुजरातीत, घरी शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत. 1960 साली गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. तरी मी अकरा वर्षं प्यायलो. शनिवारी मकरपुऱ्याहून शिफ्ट संपवून निघताना एक फोन करायचा, की घरी पोचेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली स्कूटरच्या डिकीत असायची. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल देवाच्या नियमशास्त्राबद्दल जे म्हणतो, ते मला असं कळलं. नियम पवित्र आहे, चांगला आहे, पण तो दाराबाहेर उभा असतो आणि हाव तर घरात शिरून बसलेली असते. सरकारचा नियम मोडत होतोच, वर मी स्वतःचा एक नियम केला होता, शपथेचा. तोही मोडत होतो.

त्या माणसाचा नंबर मी फोनमध्ये 'प्लंबर' म्हणून ठेवला होता. एका रविवारी दुपारी मी झोपलेलो असताना स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. बायकोने माझाच फोन घेतला आणि 'प्लंबर'ला लावला. पलीकडून आवाज आला, "बोलो साहेब, एक के बे?" तिने फोन ठेवला, नळाला फडकं बांधलं, खाली पातेलं लावलं. मी उठलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "प्लंबर विचारत होता, एक का दोन." एवढंच बोलली. त्या पातेल्यात थेंब पडत होते तो आवाज मला आजही ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं ते शपथ घ्यायला लावतील. त्यांनी विचारलं, "आजवर किती घेतल्यात?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "मग आता एकही घेऊ नका," म्हणाले, आणि लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय काढून मोठ्याने वाचायला लावला.

तिथे येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, प्रभू, तुमच्याबरोबर तुरुंगात जायला, मरायलाही मी तयार आहे. हीच तुमची-माझी शपथ. खोटी नव्हती ती, मनापासून घेतलेली होती. पण तिचा सगळा भार पेत्राच्या स्वतःच्या हिमतीवर होता आणि कोंबडा आरवायच्या आत, मी येशूला ओळखत नाही असं म्हणून, त्याने ती तीनदा मोडली. त्याआधीच येशू त्याला काय सांगून ठेवतो ते बघा. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. तू पडू नयेस म्हणून, असं तो म्हणत नाही. पेत्र पडणार हे त्याला ठाऊक होतं. पडल्यावर पेत्राने पाठ न फिरवता आपल्याकडे तोंड वळवावं, यासाठी येशूने विनंती केली.

माझा सगळा गोंधळ इथेच होता. विश्वास म्हणजे दात-ओठ खाऊन केलेला निश्चय, असं मी धरून चाललो होतो, म्हणजे माझा भरवसा माझ्यावरच होता. योहानाच्या पहिल्या पत्रात आपला विश्वास जगावर जय मिळवतो असं म्हटलंय, तो विश्वास दुसऱ्या कुणावर टाकलेला आहे. ज्याने जय आधीच मिळवलाय, त्याच्यावर. मोह येतो तेव्हा मी एकटा नाही, आणि पडलो तरी मी त्याचाच आहे, हे खरं मानून वागणं. यात पाप सोपं होतं असं नाही. ते लपवायचं कारण मात्र उरत नाही, आणि माझं पाप तर लपवण्यावरच जगत होतं. याकोब म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा. तो सल्ला मी चाळीस वर्षं ऐकला होता, केला त्या आठवड्यात पहिल्यांदा. 'प्लंबर' बायकोसमोर पुसून टाकला. शनिवारी सुटायच्या वेळी चर्चमधला एक मित्र कारखान्याच्या फाटकावर यायला लागला. आम्ही चहा घ्यायचो आणि मी त्याच्याबरोबरच परत यायचो. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोने मोहात पाडायला धरलं, तेव्हा तो वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. पळण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो, कारण मंडळीत काही जण उलट सांगतात. मी डॉक्टरकडेही गेलो. सकाळी हात थरथरायचे. रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, म्हणून औषधं घेऊन, देखरेखीखाली सोडली. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, हे मला अजिबात मान्य नाही. तुमची सवय वेगळी असेल, पण तिच्यासाठी डॉक्टरची किंवा समुपदेशकाची गरज असेल तर संकोच करू नका.

पाचव्या महिन्यात मी पुन्हा पडलो. दमणला, सोबत्यांबरोबर, जिथे दारू उघड मिळते. फरक एवढाच की त्या रात्री अकरा वाजता हॉटेलच्या जिन्यावर बसून मी बायकोला फोन केला आणि सांगितलं. आधीच्या अकरा वर्षांत असा एकही फोन नव्हता. ती रडली, मग म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीने या." कोणी पाप केलं तर पित्याजवळ आपला 'कैवारी' आहे, असं योहान लिहितो. नातवंडांपैकी कुणी मार खात असलं की आजी हाच शब्द वापरायची, "मी आहे याची कैवारी." त्यानंतर आजवर नाही घेतली, सात वर्षं होतील. पण विजय कधी झाला असं विचाराल, तर मी त्या जिन्यावरची रात्र सांगेन.

आता प्रभुभोजनाचं. मीही तीन महिने मागच्या बाकावर बसून राहिलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते नीट वाचा. माणसाने स्वतःची पारख करावी आणि मग खावं, असं आहे. पारख करून घरी जावं असं नाही. आणि येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री भाकर मोडून दिली ती काही तासांत त्याला नाकारणाऱ्या पेत्रालाही मिळाली होती. मला प्याल्याची भीती होती, तेही मी त्यांना सांगितलं. आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्याल्यात न आंबवलेला द्राक्षरस असतो. वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट माणसाने 1869 साली तो अमेरिकेत मुद्दाम प्रभुभोजनासाठी तयार केला होता. तुमच्या चर्चमध्ये आंबवलेला द्राक्षारस, म्हणजे वाइन, असेल आणि अडचण दारूचीच असेल, तर पाळकांना आधी सांगा, सोय होते.

तेव्हा पाप कबूल करा, आणि येत्या प्रभुभोजनाला बाकावर बसून राहू नका. त्याआधी एका माणसाला खरं सांगा, ज्याच्यासमोर तुम्हाला रडता येईल अशा. कुणीच नसेल तर मला खासगी निरोप पाठवा. शनिवारी संध्याकाळी मी रिकामाच असतो.