बाहेर ४५ अंश असताना जनावराच्या अंगातली उष्णता जाते कुठे?

आपण विचारले आहे की गाय, म्हैस, कुत्रा यांच्या शरीराचे तापमान ३८-३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मग चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर गेल्यावर त्यांच्या अंगातली उष्णता बाहेर पडते तरी कशी. आणि आपले शेजारी भर दुपारी म्हशीवर बादलीने पाणी ओततात, त्याचा खरोखर काही उपयोग होतो का. मी पशुवैद्यक आहे आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षे विदर्भात गेली आहेत. त्यामुळे हा प्रश्न मी पुस्तकापेक्षा गोठ्यातच अधिक शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

आपली शंका अगदी रास्त आहे. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, हा नियम जनावरासाठी बदलत नाही. शरीरातून उष्णता बाहेर जाण्याच्या चार वाटा आहेत. कातडीतून किरणांच्या रूपाने उष्णता सतत बाहेर पडत असते. थंड जमिनीला किंवा पाण्याला अंग टेकले की ती स्पर्शाने जाते. अंगावरून वाहणारा वारा ती घेऊन जातो. आणि अंगावरचे पाणी वाफ होऊन उडताना ती सोबत नेते. यांपैकी पहिल्या तीन वाटा भोवतालचे तापमान अंगापेक्षा कमी असेपर्यंतच उपयोगी पडतात. हवा ४५ अंशांवर गेली, पत्रे आणि फरशी त्याहूनही तापली, की त्याच वाटांनी उष्णता उलट आत शिरू लागते. शिवाय शरीराची स्वतःची भट्टी चालूच असते: यकृत, हृदय, स्नायू आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत त्या भल्यामोठ्या पोटात आंबणारी वैरण. आतून आणि बाहेरून अशी दुहेरी उष्णता येत असताना उरते ती एकच वाट, पाण्याची वाफ होण्याची.

ही एकच वाट पुरेशी कशी पडते, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. एक लिटर पाणी अंगावर वाफ होऊन उडाले, तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. ४५० किलो वजनाच्या म्हशीचे सगळे शरीर एका अंशाने थंड करायला पावणेचारशे किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात. म्हणजे तिच्या कातडीवर खरोखर उडून गेलेले एक लिटर पाणी तिचे तापमान जवळजवळ दीड अंशाने उतरवू शकते. याउलट २५ अंशांचे एक लिटर पाणी अंगावर ओतले आणि ते अंगाइतके तापून जमिनीवर ओघळून गेले, तर ते जेमतेम १३ किलोकॅलरी नेते. फरक चाळीसपटींहून अधिक आहे.

१७७४ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हा डॉक्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उकळत्या पाण्याहूनही जास्त तापवलेल्या खोलीत जाऊन पाहिले. हवा कोरडी होती. खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजून निघाला. पण पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसवलेली कुत्री आणि ती माणसे धडधाकट बाहेर आली. त्याच हवेत मेलेले मांस शिजते आणि जिवंत मांस शिजत नाही, यामागे मुख्यतः पाण्याची ही वाफच आहे. आपल्याकडचा माठ याच तत्त्वावर चालतो.

आता प्रत्येक जनावराचा माठ वेगळ्या जागी पाझरतो. माणूस सर्वांगाने घामाघूम होतो. घोडाही तसाच. कुत्र्याला मात्र घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने काही भागत नाही. म्हणून तो धापतो. मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा चालणारा हा श्वास पाहून त्याला फार कष्ट पडत असावेत असे वाटते. पण त्याच्या छातीची स्वतःची अशी एक लय असते, झोपाळ्याला असते तशी, आणि तो त्या लयीतच श्वास घेत असल्यामुळे त्याची ताकद कमी खर्च होते. हवा बहुतांशी नाकातून आत जाते आणि तोंडातून बाहेर पडते, त्यामुळे नाकातले ओले पडदे आणि जीभ दोन्ही कामाला लागतात. कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडून धापते, पंख अंगापासून सैल धरते, आणि फार धापल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन तिच्या अंड्याचे कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी जास्त फुटतात, त्याचे एक कारण हेच.

हा सगळा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पाहतो. रक्त आणि कातडी तापल्याची खबर त्याला मिळाली, की तो आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो, आतले गरम रक्त पृष्ठभागाशी आणतो, मग घाम किंवा धाप सुरू करतो. जनावर त्याही आधी सावली शोधते आणि चारा कमी खाते. तापात हीच व्यवस्था वरच्या तापमानावर बेतलेली असते. उष्माघातात व्यवस्था ठीक असते पण तिला भार पेलत नाही. म्हणूनच तापाची गोळी उष्माघातावर चालत नाही. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि तिच्यात जाणारा अर्धा तास फार महाग पडतो.

मला खरे सांगायचे आहे ते म्हशीबद्दल. आपली देशी गाय, वर्धा-नागपूरकडची गवळाऊ घ्या, पांढऱ्या, आखूड केसांची असते. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीमुळे घाम उडायला जागाही जास्त मिळते. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फारच थोड्या, कातडी काळी आणि जाड, वर केस विरळ. काळा रंग तिला कातडी भाजण्यापासून वाचवतो, पण ऊन शोषून घेतो. तिच्या शरीराची घडणच पाणी जवळ असेल असे धरून झालेली आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे डोहात उतरलेली म्हैस स्पर्शानेच झपाट्याने थंड होते. आणि बाहेर आल्यावर अंगावरचा चिखल वाळेपर्यंत तिच्यासाठी उसना घाम म्हणून काम करतो, शिवाय माश्याही दूर ठेवतो. म्हैस डुंबते ती आळसाने, हा समज मला फार खटकतो.

एका मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास मला एका गोठ्यात बोलावले होते. पत्र्याचे बुटके छप्पर, तीन बाजूंनी भिंत, आणि गावचे तळे आटल्यामुळे म्हैस आठवडाभर खुंट्यालाच होती. ती मान लांब करून, तोंड उघडे टाकून श्वास घेत होती, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि कातडीवर हात ठेवला तर ती कोरडी व तव्यासारखी तापलेली लागत होती. थर्मामीटर १०६ अंश फॅरनहाइट दाखवत होता. म्हशीला साधारण १०१ असतो. आम्ही तिला कडुनिंबाखाली नेले, मोटारीच्या पाइपने सर्वांग भिजवले, घरातला टेबलफॅन आणून लावला, आणि अंग वाळू लागले की पुन्हा भिजवले. पाऊण तासाने १०३ आला. तिने पाण्यात तोंड घातले तेव्हा मालकाच्या आईने कपाळाचा घाम पुसला. त्या उन्हाळ्यात तिने दूध निम्म्यावर आणले आणि माज, म्हणजे गाभण राहण्याची तयारी, दाखवलाच नाही. उष्णतेने म्हशीत मुका माज, म्हणजे बाहेर लक्षणे न दिसणारा माज, वाढतो, हे गवळ्यांना ठाऊकच असते.

वारा आणि हवेचा कोरडेपणा या दोन गोष्टी विसरून चालत नाही. नागपुरात कूलर गारवा देतो आणि रत्नागिरीत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर अंगावरचे पाणी उडत नाही. त्यामुळे कोकणातली ३६ अंशांची दुपारही जनावराला घातक ठरू शकते, आणि तिथे फवाऱ्यापेक्षा मोकळा वारा आणि अंग बुडेल असे पाणी अधिक कामाचे ठरते.

आपले शेजारी बादलीने पाणी ओततात ते चांगलेच आहे, पण त्यांना सांगा की एकदम दहा बादल्या ओतण्यापेक्षा थोडे थोडे पाणी दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्या अंगावर मारावे आणि म्हैस वाऱ्याच्या तोंडाला बांधावी. पेंड आणि कडबा दुपारी न देता पहाटे आणि रात्री द्यावा, म्हणजे पोटातली भट्टी उन्हाच्या वेळी पेटणार नाही. ओले गोणपाट खिडकीला आणि गोठ्याच्या उघड्या बाजूला लावावे. ते जनावराच्या पाठीवर पांघरून ठेवत असतील, तर तेवढे मात्र लगेच काढायला सांगा. थोड्या वेळाने ते पोते अंगाइतके गरम होते, त्याखालचे पाणी उडत नाही आणि वाराही कातडीपर्यंत पोहोचत नाही.