टर्बो बदलण्याआधी हवेचे पाइप प्रेशर लावून तपासा

तुमची पोस्ट वाचली. २०१४ ची डिझेल हॅचबॅक, गावात बरी चालते, पण पुण्याजवळच्या दिवे घाटात तिसऱ्या गिअरला ओढतच नाही. मागून काळा धूर. चेक इंजिनचा दिवा लागतो, दोन दिवसांनी आपोआप जातो. स्कॅनरवर पी०२९९ कोड, आणि सर्व्हिस सेंटरने थेट टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) एस्टिमेट हातात ठेवलंय. माझ्या गाडीचं दुखणं हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पाहून झालेत असं धरतो. क्लचची शंका असेल तर सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. पण त्यात काळा धूर येत नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न तो नसावा. ई-२० इंधनाची (२० टक्के इथेनॉलवालं) शंका असेल तर ती डोक्यातून काढून टाका. इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये, तुमची गाडी डिझेलची.

पी०२९९ चा अर्थ एवढाच, की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलं तेवढं बूस्ट प्रेशर, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, सेन्सरला दिसलं नाही. का दिसलं नाही, हे कोड सांगत नाही. टर्बो हवा पुरेशी दाबतोय पण ती वाटेत गळतेय, तरीही हाच कोड येतो. माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका अधिकृत वर्कशॉपने (नाव लिहीत नाही) कोड वाचला, लगेच खोडला आणि जॉब कार्डवर टर्बो लिहून मोकळे झाले. नवा टर्बो बसला, घाटातलं रडगाणं तसंच. चीर होती इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होसला, खालच्या बाजूने. पाइपला प्रेशर लावून पाहायची तसदी कोणी घेतली नव्हती, आणि विचारल्यावर ‘कोड टर्बोचाच होता’ हे एकच उत्तर.

ही चीर नुसतं बॉनेट उघडून दिसत नाही. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) होसमध्ये दाब नसतो, त्यामुळे ती मिटलेली असते. बूस्ट एक बारच्या आसपास गेला की होस फुगतो आणि चीर उघडते. जागा बहुधा क्लॅम्पजवळची, नाहीतर ब्रॅकेटला घासणारी, आणि खालची बाजू, कारण तेलाचा ओलावा तिथे साचून रबर मऊ पडतं.

तपासणी अशी: इंजिन बंद आणि थंड. टर्बोच्या तोंडाचा इनटेक पाइप काढून तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं बूच क्लॅम्पने घट्ट आवळा. रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने १० ते १५ पीएसआय हवा सोडा, त्यापुढे जाऊ नका. प्रत्येक जोडावर, होसच्या खालून आणि इंटरकूलरच्या कडांवर साबणाचं पाणी मारा. तेलाच्या डिपस्टिककडून हवेचा थोडा सूं-सूं आवाज आला तर घाबरू नका, इंजिनचे व्हॉल्व्ह उघडे असलेल्या सिलिंडरमधून हवा जाते. बुडबुडे जिथे येतील ती खरी गळती. जोडावर पातळ तेलकटपणा असतोच, त्यावरून निकाल देऊ नका.

स्वस्त ब्लूटूथ ओबीडी ॲडॅप्टर (गाडीतल्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) असेल तर आधी आकडे पाहा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) पुण्यात साधारण ९४-९५ किलोपास्कल दाखवायला हवा. आपण समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहोत, त्यामुळे १०१ ची अपेक्षा धरू नका. मग शेजारी कोणाला तरी बसवून मॅप आणि एमएएफ (आत येणारी हवा किती ते मोजणारा सेन्सर) दोन्ही रेकॉर्ड करा, तिसरा गिअर, २००० ते ३००० आरपीएम, पूर्ण लोड. एमएएफ चांगला पण मॅप खाली, तर मोजलेली हवा पुढे गळतेय. ईसीयू त्या मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल देतो, म्हणून काळा धूर. दोन्ही खाली असतील तर ॲक्च्युएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा टर्बोकडे बघा. धूर अजिबात नाही आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मागणीपेक्षा कमी पडतंय, तर डिझेलची बाजू. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून घ्या. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही.

ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हँड पंपाने व्हॅक्यूम द्या. दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि मिनिटभर तिथेच राहिली पाहिजे. त्याच्या बारीक नळ्या उंदीर कुरतडतात, पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांना हे फार होतं. या सगळ्यानंतर टर्बो. शाफ्ट बाजूला किंचित हलणं चालतं; पुढे-मागे हलला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तरच तो गेला समजा. खरंच बदलायची वेळ आली तर ऑइल फीड पाइपही बदला. जुन्या पाइपातल्या कार्बनने तेल अडलं तर नवा टर्बोही जातो.

होस नाना पेठेत मिळेल, पण साधा सिलिकॉनचा घेऊ नका, त्यातून तेल झिरपतं. आतून तेल सोसणारं अस्तर असलेला किंवा कंपनीचा रबरी घ्या. बसवण्याआधी पाइपाचं तोंड ब्रेक क्लीनरने कोरडं करा, तेलकट राहिलं तर बूस्ट लागताच निसटतो. ईजीआर बंद करून देतो म्हणणाऱ्याला मात्र नकार द्या, मूळ दोष तसाच राहतो आणि वर प्रदूषण वाढतं.

आता सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी लेखी सांगा. फ्रीझ फ्रेमची (कोड येताना ईसीयूने नोंदलेल्या आकड्यांची) प्रिंट दिल्याशिवाय कोड खोडायचा नाही. खोडला की बिघाडाच्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान सगळं जातं. आणि बूस्ट लीक टेस्टचा (वर सांगितलेल्या प्रेशर तपासणीचा) निकाल जॉब कार्डवर आल्याशिवाय टर्बोची मंजुरी नाही. ते नाही म्हणाले तर गाडी परत आणा आणि कॉम्प्रेसर असलेल्या बाहेरच्या डिझेल मेकॅनिककडे आधी ही टेस्ट करून घ्या.